सातबाऱ्यावरचा पोटखराब आणि पाचवीचं पुस्तक

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीच्या जमिनीला दोन अंगं आहेत. खाली समुद्राला लागून वाळू, सुरूचं बन, माडांच्या बागा आणि तळाशीलपर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी. तिच्या एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला गड नदीची खाडी. वर, वायंगणीच्या बाजूला, जांभ्याचा सडा. पर्यटक येतो तो खालच्या अंगाला. त्याचं जेवण, राहणं, फोटो, सगळं खालीच. वरचे सडे महसुली कागदावर बहुतेक ठिकाणी पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून पडलेले असतात. गावाला त्यांचा उपयोग गुरं चारायला, गवत कापायला आणि अलीकडे चिरेखाणीला. २०१० नंतरच्या दशकात याच वायंगणी-तोंडवलीच्या सड्यावर सी-वर्ल्ड हा पर्यटन प्रकल्प आणायचं घाटत होतं, तेव्हा ही गावं एकदम चर्चेत आली. ग्रामस्थांनी विरोध केला, सभा झाल्या, प्रकल्प रखडला. जमिनीचा भाव, पाणी, घरं, रोजगार यांवर पुष्कळ बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. मला मात्र त्या सगळ्या वादात एक गोष्ट सतत टोचत राहिली. ज्या सड्याचं भवितव्य ठरत होतं, त्याच्याबद्दल शाळेतल्या मुलाला नीट सांगण्याची सोय आपण केलेलीच नव्हती.

सांगण्यासारखं काय आहे? पुष्कळ आहे. मालवण तालुक्यातच हिवाळे गावच्या सड्यावरची कातळशिल्पं २००१ साली सतीश लळीत यांनी उजेडात आणली आणि पुढे कुडोपीची. कुडोपीच्या त्या जागेला गावकरी पिढ्यान्‌पिढ्या 'बाहुल्यांचं टेंब' म्हणत आले आहेत. उघड्या कातळावर माणसांच्या आकृत्या, प्राणी आणि काही केल्या उकल न होणारे भौमितिक आकार कोरलेले आहेत. उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घातले आणि हजाराहून अधिक चित्रं नोंदवली. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात दुसरे कितीतरी प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली. त्यांत रत्नागिरीची सात, गोव्यातलं कुशावती नदीकाठचं एक आणि सिंधुदुर्गातलं एकच, ते म्हणजे कुडोपी.

२०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही आले, याचा आनंद जिल्ह्यातल्या शाळाशाळांत साजरा व्हावा हे योग्यच आहे. मालवणच्या मुलाला किल्ला ठाऊक असतो. १६६४ साली पायाभरणी झाली, शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे सगळं तो चौथीतच घडाघडा सांगतो. त्याच मुलाला कुडोपी विचारा. बहुतेकदा नावसुद्धा ऐकलेलं नसतं. यात मुलाचा काही दोष नाही. किल्ल्याला त्याच्याकडे पोचवणारी एक अख्खी यंत्रणा आहे: पाठ्यपुस्तक आहे, सहल आहे, पोवाडा आहे, दिवाळीत अंगणात बांधायचा मातीचा किल्ला आहे. सड्यावरच्या चित्रांसाठी यातलं काही नाही.

पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात मानवाची वाटचाल आहे, अश्मयुग आहे, दगडाची हत्यारं आहेत, भटकंतीकडून स्थिर जीवनाकडे झालेला प्रवास आहे. पुस्तक वाईट नाही. इतिहास म्हणजे काय, काळ कसा मोजतात, इथपासून ते सुरुवात करतं, ही मोठी गोष्ट आहे. अडचण पुस्तकाच्या बाहेर आहे. अश्मयुगाचा धडा वाचताना मुलाच्या डोळ्यापुढे जो माणूस उभा राहतो तो कुठल्यातरी दूरच्या जंगलातला, केस वाढलेला, हातात सोटा घेतलेला असतो. तो आपल्या सड्यावरून चालत गेला असेल, आपल्या पऱ्ह्याचं पाणी प्यायला असेल, हे मुलाच्या मनात येत नाही. धडा परीक्षेपुरता पाठ होतो आणि विरून जातो. इतिहासाचं शिक्षण मुलाच्या पायाखालच्या जमिनीला लागलं नाही तर ते असंच विरतं.

इथे संग्रहालयाचं काम सुरू होतं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. २०१९ मध्ये तिथे मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय झालं आणि २०१५ पासून त्यांची संग्रहालयाची बस गावोगाव फिरते. पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. रत्नागिरीला थिबा राजवाड्यात प्रादेशिक संग्रहालय आहे. हे सगळे प्रयत्न मोलाचे आहेत. पण तोंडवलीच्या शाळेतून मुंबई गाठायची म्हणजे रात्रभराचा प्रवास. पटावर मोजकी मुलं असलेली जिल्हा परिषदेची शाळा तो खर्च कुठून करणार? आणि करून मुलगा तिथे पोचला तरी काचेमागच्या हातकुऱ्हाडीखाली दुसऱ्याच कुठल्या गावाचं नाव असतं. त्याच्या सड्याचं त्या कपाटात काही नसतं.

संग्रहालयांतून मुलांसाठी ज्या कार्यशाळा होतात त्यांबद्दल मला एक तक्रार आहे, आणि ती आस्थेपोटीच आहे. त्यांतल्या पुष्कळशा कार्यशाळा हस्तकलेच्या तासाकडे झुकतात. मातीच्या गोळ्यावर हडप्पाचा शिक्का उमटवला, गेरूने रंगवलेल्या कागदावर भीमबेटकाचं हरीण काढलं, प्रमाणपत्र घेतलं, फोटो झाला. मुलांना मजा येते आणि मजा यायलाच हवी. पण घरी जाताना त्यांच्या हातात एक वस्तू असते, डोक्यात प्रश्न नसतो. प्रागैतिहासिक काळ तर असा आहे की तिथे प्रश्न सोडून दुसरं काही हाताला लागतच नाही. लेख नाही, नाणं नाही, राजाचं नाव नाही. शिलालेख वाचून सन सांगणाऱ्या इतिहासकाराची वाट इथे बंद होते आणि दगड, माती, हाडं, जागा, माप, तुलना यांवरून अंदाज बांधण्याची वाट सुरू होते. मुलांना शिकवायचं ते हे: आपल्याला हे कळतं कसं? आणि कुठवर कळतं?

कोकणातली कातळशिल्पं यासाठी फार चांगली आहेत, कारण त्यांचं वय अजून ठामपणे ठरलेलं नाही. कातळात कोरलेल्या रेषेत कोळसा नसतो, हाड नसतं. काळ मोजायला लागणारं सेंद्रिय काही तिथे टिकत नाही. म्हणून अभ्यासक आडून येतात. चित्रांत नांगर नाही, शेतीची खूण नाही, तेव्हा ती शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांची असावीत. गेंडा आणि पाणघोडा वाटावेत असे प्राणी आहेत, जे आज कोकणात नाहीत. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं तेव्हा दगडी हत्यारं मिळाली, म्हणजे या भागात अश्मयुगीन माणूस राहत होता. या धाग्यांवरून दहा हजार वर्षांच्या मागेपुढे, काहींच्या मते त्याहूनही मागे, असा अंदाज केला जातो.

या प्रत्येक धाग्याला मुलगा प्रश्न विचारू शकतो, आणि त्याने तो विचारला पाहिजे. नांगर काढला नाही म्हणजे नांगर नव्हताच का? तुमच्या वहीत तुम्ही वाघ काढता, घरची म्हैस काढत नाही; मग तुमच्या घरी म्हैस नाही असं समजायचं? हा गेंडाच कशावरून? गुहेत हत्यारं टाकणारा माणूस आणि सड्यावर कोरणारा माणूस एकाच काळातला कशावरून? सगळी चित्रं एकाच पिढीने काढली की हजारो वर्षं लोक येऊन भर घालत राहिले? अकरा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न जड जात नाहीत. मोठ्यांना जातात, कारण मोठ्यांना ठरलेलं उत्तर हवं असतं.

आणि ठरलेलं उत्तर द्यायला मोबाइल बसलेलाच आहे. 'हरवलेली प्रगत संस्कृती', 'जगातली सर्वांत जुनी', परग्रहावरून आलेली माणसं, सगळं एका बोटावर मिळतं. बारसूच्या दोन वाघांमधल्या माणसाचं मेसोपोटेमियातल्या अशाच चित्राशी साम्य दिसतं, म्हणून लगेच समुद्रापारच्या संबंधांची गोष्ट रचली जाते. साम्य दिसणं ही चौकशीची सुरुवात आहे, ती निकाल म्हणून खपवली जाते. मुलांना आपल्या भागाचा अभिमान वाटावा असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटतं. पण पुराव्याशिवायचा अभिमान दुसऱ्या कोणी मोठा आवाज काढला की त्याच्या मागे जातो. पुराव्याचं बोट धरायला शिकलेलं मूल तसं वाहवत नाही. गेल्या काही वर्षांत इतिहासावरून आपल्याकडे जी भांडणं लागतात ती पाहता, पुरावा म्हणजे काय हे दहाव्या-अकराव्या वर्षी शिकणं ही चैन राहिलेली नाही.

कार्यशाळा कशी असावी हे नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून दोन पाठ जवळून मांडतो. दोन्हींना लागणारं सामान तोंडवली परिसरात आजच हजर आहे.

पहिला पाठ चिऱ्यावर. खाणीतून नुकताच काढलेला एक चिरा आणि सड्यावर वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून राहिलेला जांभ्याचा एक मोकळा तुकडा, असे दोन दगड मुलांपुढे ठेवायचे. शेजारी गारगोट्या, नदीतले गोटे आणि एक लोखंडी छिन्नी. सूचना एवढीच की दोन्ही दगडांवर वितीएवढी एक वाकडी रेघ काढा, आधी दगडाने, मग छिन्नीने, आणि किती वेळ लागला ते लिहा. ताजा चिरा मऊ असतो. जांभा हवेवर आला की कडक होत जातो, म्हणूनच तो खाणीतून तासून काढता येतो आणि भिंतीत शंभर वर्षं टिकतो. हे घर बांधणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाला ठाऊक आहे. पण सड्याचा वरचा थर तर कडक झालेलाच असतो. त्यावर गारगोटीने मारताना हात झिणझिणतो, दगडाची धार जाते, रेघ दोन बोटं पुढे सरकत नाही. त्या क्षणी मुलाला काहीतरी कळतं जे दहा धड्यांनी कळलं नसतं. कशेळीचा हत्ती एका माणसाने दुपारी सहज गंमत म्हणून कोरलेला नाही. कोणीतरी ठरवलं होतं. कोणीतरी आधी आखलं होतं, कारण १८ मीटरचा प्राणी जमिनीवर उभं राहून एका नजरेत दिसतच नाही. कोरणाऱ्यांना कोणीतरी खायला आणून दिलं असणार. म्हणजे तिथे गट होता, वाटून घेतलेली कामं होती, दगड कळणारे हात होते. हे सगळं पुस्तकात 'समूहजीवन' या एका शब्दात मिटतं. चिऱ्यावर घाम गाळलेल्या मुलाला तो शब्द पुन्हा वाचताना वेगळा लागतो.

मग त्यांना विचारायचं, हत्यार कुठलं होतं? दगडाचं की धातूचं? रेघेच्या तळाशी ठोक्याच्या खुणा कशा दिसतात? तुमच्या दोन रेघांत फरक दिसतो का? हा फरक शोधणं हेच काम जगभरचे अभ्यासक करतात. एवढं सांगितलं की मुलं भिंग मागतात.

दुसरा पाठ वाळूवर, रापणीच्या दोरावर. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, अजून ओढली जाते. तिचा दोर लांबच लांब असतो आणि तो ओढायला अख्खी वाडी लागते. तो दोर सुरूच्या बनाकडून किनाऱ्याने सरळ पसरायचा एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष धरायचं आणि घटनांच्या चिठ्ठ्या त्यावर लावत जायच्या. पहिल्या टोकाला आजचा दिवस. पाचवीतल्या मुलाचं सगळं आयुष्य वीतभरातही भरत नाही. आजीचं आयुष्य हातभर. स्वातंत्र्य पाऊण मीटरच्या जरा पुढे. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी साडेतीन मीटर ओलांडून थोडी पलीकडे. ज्ञानेश्वरी सव्वासात मीटरच्या आसपास. मग शाळेतल्या इतिहासाच्या चिठ्ठ्या विरळ होत जातात. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ती शेतकऱ्यांची वसाहत सत्तावीस मीटरपासून छत्तीस मीटरपर्यंत पसरते. तिथल्या लोकांनी आपली लहान मुलं गेली तेव्हा तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरली होती, हे सांगितलं की दोरावर चालणारी मुलं थांबतात. महाराष्ट्राच्या मातीत लेकरू गमावलेल्या आईचा इतका जुना पुरावा आहे, हे मुलांपासून लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आता 'कुडोपी' लिहिलेली चिठ्ठी एका मुलीच्या हातात द्यायची. उभं कुठे राहायचं हे तिने ठरवायचं आणि कारण सांगायचं. बाकीच्यांनी तिला पुढे नाहीतर मागे सरकवायचं, तेही कारण देऊनच. शेती नाही म्हणून मागे. पण नांगर काढलाच नसेल म्हणून पुढे. कोळोशीची हत्यारं म्हणून पुन्हा मागे. थोड्या वेळाने मुलांच्या लक्षात येतं की एका जागी उभं राहून भागत नाही. चिठ्ठी दोघींनी धरावी लागते, एक इकडच्या टोकाला, एक तिकडच्या, आणि मध्ये कित्येक मीटर दोर मोकळा. शास्त्रात अनिश्चितता कशी सांगतात हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही. शेवटी दोर दोनशे मीटरवर, वीस हजार वर्षांपाशी न्यायचा आणि समुद्राकडे बघायला सांगायचं. त्या हिमयुगात जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. म्हणजे तोंडवलीचा किनारा इथे नव्हताच; तो कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता, आणि आज जिथे रापण लागते तिथे जमीन होती, कदाचित जनावरं चरत होती. त्या जमिनीवर राहिलेल्या माणसांच्या खुणा आज पाण्याखाली असतील. सडा हा त्यांच्या मुलखाचा उरलेला, उंचावरचा तुकडा आहे.

मुलांवर एवढं टाकायचं का, असं काही शिक्षक विचारतील. त्यांना १८७९ची एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत मार्सेलिनो दे सौतुओला हे गृहस्थ जमिनीवर हत्यारं शोधत होते. त्यांची आठ वर्षांची मुलगी मारिया बरोबर होती. वडिलांची मान खाली होती, मुलीने वर पाहिलं आणि छतावरचे रंगवलेले बैल तिला दिसले. सौतुओलांनी ती चित्रं अश्मयुगीन असल्याचं जाहीर केलं तेव्हा युरोपातल्या मोठ्या मोठ्या पंडितांनी त्यांना वेड्यात काढलं, लबाडीचाही आरोप झाला. ते १८८८ साली तो कलंक घेऊनच गेले. एमिल कार्तायाक या त्यांच्या सर्वांत कडव्या विरोधकाने जाहीर चूक कबूल केली ती १९०२ साली. फ्रान्समधली लास्कोची गुहाही १९४० साली चार पोरांनीच शोधली. आपल्याकडे कोकणात कातळशिल्पांच्या वाटा अभ्यासकांना दाखवल्या त्या बहुतेक वेळा गुराख्यांनी आणि गावकऱ्यांनीच. सड्यावर रोज जाणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते वर्षातून दोनदा येणाऱ्याला दिसत नाही. मग गुरांमागे जाणाऱ्या, करवंदं काढायला जाणाऱ्या मुलांचे डोळे तयार करणं हा संशोधनाचाच भाग झाला.

लास्कोचं नाव काढलं की दुसरा आक्षेप येतोच. ती गुहा १९४८ साली लोकांसाठी उघडली आणि माणसांच्या श्वासाने, ओलाव्याने चित्रं बिघडायला लागली म्हणून १९६३ साली बंद करावी लागली. पुढे १९८३ साली शेजारी हुबेहूब प्रतिकृती बांधली. मुलांचे घोळके कुडोपीला नेले तर तिथे काय होईल? हा आक्षेप रास्त आहे. उघड्या कातळावर चालणं, फोटोत रेघ उठून दिसावी म्हणून खडू किंवा चुना भरणं, शेजारी आपलं नाव कोरणं, हे सगळं होतं. म्हणूनच कोरण्याचा पाठ चिऱ्यावर आणि सड्यावर फक्त बघण्याचा, मोजण्याचा, वहीत काढण्याचा. चपला बाहेर, गट लहान, आणि बरोबर गावातलं एक जाणतं माणूस. चिऱ्यावर हात दुखवून आलेलं मूल मूळ रेघेवर खडू फिरवत नाही, हा माझा विश्वास आहे. राखण शिकवण्याचा याहून चांगला मार्ग कुंपण बांधून सापडणार नाही.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. गावात या चित्रांना आधीच अर्थ आहे. पांडवांनी एका रातीत केल्यानी, असं कुणी सांगतं. कुठे जागेचा राखणदार आहे, त्याला नारळ दिल्याशिवाय तिकडे जात नाहीत. शहरातून आलेला उत्साही मार्गदर्शक पहिल्याच वाक्यात ही अंधश्रद्धा आहे म्हणून मोकळा होतो आणि त्या दिवशी गाव त्याच्यासाठी बंद होतं. माझ्या मते ही गोष्ट कार्यशाळेतली पहिली नोंद असायला हवी. मुलांनी घरी जाऊन विचारावं, 'आजये, त्या टेंबावरची चित्रा कोणी केल्यानी?' आणि जे उत्तर येईल ते तिच्याच मालवणीत उतरवून आणावं. पांडवांची कथा चित्रांचं वय सांगत नाही, पण ही जागा गावाने किती काळ वेगळी मानली, तिथे घर का बांधलं नाही, नांगर का घातला नाही, हे सांगते. ज्या भीतीने आणि आदराने ती चित्रं आजवर राखली, त्यांची टर उडवून आपण चित्रंच उघडी पाडू. मुलाला दोन्ही कळू द्या: आजीची गोष्ट आणि अभ्यासकाचा अंदाज. दोन्हींपुढे 'कशावरून' हा प्रश्न आदबीने ठेवता येतो, हे त्याला कळलं की पुष्कळ झालं.

आणि शेवटचा आक्षेप, जो कोणी मोठ्याने बोलत नाही: याने पोट भरणार का? कोकण शिक्षण मंडळ स्थापन झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येत आलं आहे. गुण मिळवण्यात आमची मुलं कुठेच कमी नाहीत. गुण मिळाले की मात्र ती मुंबईची नाहीतर गोव्याची गाडी पकडतात. मागे उरलेल्यांतल्या कित्येकांचं घर चिरेखाणीवर, डंपरवर चालतं. कार्यशाळेत बसलेल्या मुलाचा बाप खाणीवर असेल, हे विसरून चालणार नाही. त्या बापाला मुलापुढे गुन्हेगार ठरवणारं शिक्षण मला नको आहे. पण कुठला सडा कापायचा आणि कुठला सोडायचा याचा निर्णय आज कागदावरच्या पोटखराब या शब्दाने होतो. सड्याचे पाच-सात तुकडे मुलांनी मोजून, आखून, नोंदवून ठेवले आणि ती वही ग्रामसभेपुढे आली, तर निदान तोडण्याआधी बघायला जावं लागेल. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून रान पेटलं तेव्हा त्या सड्यावरच्या कातळशिल्पांचाही प्रश्न पुढे आला. संकट दारात आल्यावर वारशाची आठवण काढायची, ही सवय मोडायची असेल तर सुरुवात शाळेतूनच होईल.

हे सगळं अशक्य वाटत असेल तर दोन उदाहरणं समोर आहेत. चेन्नईत शांती पप्पू यांची शर्मा वारसा शिक्षण संस्था आहे. पप्पू या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अत्तिरमपाक्कमला केलेल्या उत्खननातून भारतात पंधरा लाख वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड होती हे २०११ साली जगापुढे आलं, आणि तीच संस्था लहान मुलांसाठी प्रागैतिहासाच्या कार्यशाळाही घेते. संशोधन एका खोलीत आणि मुलं दुसऱ्या खोलीत, अशी भिंत तिथे नाही. दुसरं उदाहरण आपल्या कुडाळ तालुक्यातलं. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या तिथे नुसत्या टांगलेल्या नाहीत. त्या हातात घेऊन खेळवून दाखवल्या जातात, मुलांना शिकवल्या जातात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संग्रहालयासाठी आधी कोट्यवधींची इमारत लागते, हा समज त्या गोठ्याने केव्हाच खोटा ठरवला आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला कातळशिल्पांचं आणि अश्मयुगाचं स्वतःचं मुलांचं संग्रहालय हवं. ते जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या ओरोसच्या सरकारी इमारतीत बंद कपाटांचं नको. पट कमी झाल्यामुळे बंद पडलेल्या शाळांच्या इमारती जिल्ह्यात आहेत. त्यांतली सड्याजवळची एक द्यावी. तिथे कुडोपीच्या आकृत्यांच्या मूळ मापाच्या प्रतिकृती जांभ्यावरच कोरून ठेवाव्यात, कोळोशीसारख्या हत्यारांच्या नकला हातात घेता येतील अशा ठेवाव्यात, मुलांच्या नोंदवह्यांसाठी एक कपाट असावं. पुरातत्त्व विभागाने वर्षातून काही दिवस आपला एक अधिकारी द्यावा, डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यावं, डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात यावं. शिकवणाऱ्याने मालवणीत बोलावं, निदान मालवणीत उत्तर ऐकून घ्यावं.

यातलं इमारतीचं काम वेळ घेईल, निधी घेईल, फायली फिरतील. चिरा, गारगोटी आणि रापणीचा दोर यांना कुणाची मंजुरी लागत नाही. तोंडवली, वायंगणी, आचरा, कुडोपी आणि हिवाळे परिसरातल्या पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या वर्षी अश्मयुगाचा धडा वर्गात उघडण्याआधी एक सकाळ मुलांना बाहेर काढा, आणि त्यांनी जे लिहून आणलं ते ग्रामपंचायतीत नेऊन द्या.